मी कोण, आम्ही कोण: ओळखीच्या मानसशास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राच्या वर्गात, व्याख्यानानंतरच्या गप्पांत आणि पालकांच्या बैठकीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत. जातीबद्दलचं उत्तर सगळ्यांत लांब आहे, कारण महाराष्ट्रात हा विषय कुठूनही सुरू केला तरी तिथेच येऊन थांबतो.

वैयक्तिक ओळख आणि सामाजिक ओळख यांत नेमका फरक काय?

एक कागद घ्या आणि ‘मी कोण?’ या प्रश्नाची वीस उत्तरं लिहा. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ही चाचणी मांडली, ती अजून वापरात आहे. पहिली पाचसहा उत्तरं बहुतेकांची भराभर येतात: बाई, शिक्षिका, कोल्हापूरची, मराठी, अमक्या समाजाची. मग पेन अडखळतं. त्यानंतरची उत्तरं वेगळ्या धाटणीची असतात: पटकन चिडते, हिशेबाला पक्की, एकटीने फिरायला आवडतं.

पहिला गठ्ठा सामाजिक ओळखीचा. त्यात तुम्ही इतर अनेकांसारख्या आहात. दुसरा गठ्ठा वैयक्तिक ओळखीचा, तो तुम्हाला त्याच अनेकांपासून वेगळं काढतो. जॉन टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: माणूस म्हणून मी, गटाचा सदस्य म्हणून मी, एकटी व्यक्ती म्हणून मी. कुठली पायरी जागी होईल हे प्रसंग ठरवतो. स्टाफरूममध्ये दोन शिक्षिकांचं एकमेकींशी पटत नसतं. संस्थाचालक आत आले की त्याच दोघी ‘आम्ही शिक्षक’ होतात. ते बाहेर गेले की पुन्हा मूळपदावर.

मग खरा मी कुठला? ऑफिसातला, घरातला की मित्रांतला?

सगळेच खरे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की आपल्याला ओळखणारी जितकी माणसं, तितके आपले सामाजिक ‘स्व’. हिंजवडीत इंग्रजीतून मीटिंग आटोपणारा मुलगा जिन्यात येऊन फोनवर “आये, जेवलंस काय गो?” विचारतो, तेव्हा तो कुठलाही मुखवटा काढत किंवा चढवत नसतो. समोरचं माणूस बदललं, म्हणून बोलणारा बदलला, इतकंच.

ताण येतो तो वेगळ्या ठिकाणी. एका जागची ओळख दुसऱ्या जागी उघड होऊ नये म्हणून सतत सावध राहावं लागत असेल, तर माणूस थकतो. ही सावधगिरी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हे मात्र आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत फार उशिरा आलं.

ही सामाजिक ओळखीची कल्पना मांडली कुणी?

हेन्री ताजफेल यांनी. जन्म १९१९ चा, पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातला. रसायनशास्त्र शिकायला ते फ्रान्सला गेले, युद्धात फ्रेंच सैन्यात भरती झाले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती लागले. ज्यू असल्याचं त्यांनी लपवलं नाही, पण पोलिश असल्याचं लपवलं. फ्रेंच युद्धकैदी ठरल्यामुळे ते जगले. परतले तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. पहारेकऱ्याशी संबंध बरे होते की वाईट, स्वभाव कसा होता, याला तिथे काडीची किंमत नव्हती. कुठल्या रकान्यात नाव आहे यावर जीव अवलंबून होता. असा माणूस पुढे इंग्लंडमध्ये मानसशास्त्राकडे वळला आणि नुसत्या रकान्यात घातल्याने माणसांचं काय होतं हे तपासायला लागला, यात नवल नाही. १९६७ पासून ते ब्रिस्टल विद्यापीठात प्राध्यापक होते.

जाता जाता: ताजफेल यांचं सहकारी स्त्रियांशी वागणं गैर होतं हे पुढे उजेडात आलं, आणि २०१९ मध्ये युरोपातल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांच्या नावाच्या पुरस्काराचं नाव बदलायचं ठरवलं. सिद्धांत शिकवताना हेही सांगावं असं माझं मत आहे.

ताजफेल यांचा ठिपके मोजण्याचा तो प्रसिद्ध प्रयोग नेमका काय होता?

ब्रिस्टलमधल्या शाळेतली चौदापंधरा वर्षांची मुलं. पडद्यावर क्षणभर ठिपके दाखवायचे आणि किती होते ते विचारायचं. मग सांगायचं, तू जास्त सांगणाऱ्यांच्या गटात, तू कमी सांगणाऱ्यांच्या. दुसऱ्या फेरीत पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की यांची चित्रं दाखवून कुणाची आवडली यावरून गट सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. आपल्या गटात आणखी कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मग प्रत्येकाने एकट्याने बसून इतर दोघांना पैसे वाटायचे. त्या दोघांचा फक्त क्रमांक आणि गट कळणार, आणि स्वतःला काही घ्यायचं नाही.

वाटपाचा एक तक्ता जवळून पाहू. वरची ओळ आपल्या गटातल्या मुलाची, खालची दुसऱ्या गटातल्याची. डाव्या टोकाला ७ आणि १. मधोमध १३ आणि १३. उजव्या टोकाला १९ आणि २५. आपल्या मुलाचं भलं हवं असेल तर उत्तर सरळ आहे, उजवं टोक. तिथे त्याला १९ मिळतात. मुलं मात्र डावीकडे झुकली, साधारण १२ आणि ११ च्या आसपास. आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पलीकडच्याला आपल्यापेक्षा जास्त जाता कामा नये. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तोच हा प्रकार. फक्त इथे जुनं वैर नव्हतं, बांधाचं भांडण नव्हतं, तोंडओळखही नव्हती. निष्कर्ष १९७० आणि १९७१ मध्ये छापून आले आणि १९७९ मध्ये ताजफेल व टर्नर यांनी त्यावर सिद्धांत उभा केला: आपण माणसांची वर्गवारी करतो, त्यांतल्या एका वर्गाशी स्वतःला जोडतो, आणि मग तो वर्ग दुसऱ्यापेक्षा सरस दिसावा म्हणून धडपडतो, कारण त्याची पत ती आपली पत.

म्हणजे भेदभाव माणसाच्या रक्तातच आहे?

हा निष्कर्ष घाईचा आहे. एक तर त्या मुलांनी न्याय अगदीच सोडला नव्हता. निवडी मधल्या घरापासून फार लांब गेल्या नाहीत. दुसरं, त्यांच्या हातात गटाखेरीज दुसरी कुठलीच माहिती दिली नव्हती, मग ते वापरणार काय? पुढे जर्मनीत अमेली मुमेंडाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पैशांऐवजी त्रासदायक गोष्टी वाटायला दिल्या, तेव्हा हा पक्षपात बराचसा मावळला. आपल्याला थोडं झुकतं माप देणं वेगळं आणि परक्याला इजा करणं वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला मध्ये कुणीतरी ढकलावं लागतं.

ढकलण्यावरून आठवलं. मुझफ्फर शेरीफ यांचा १९५४ चा ओक्लाहोमातल्या उन्हाळी शिबिराचा प्रयोग सगळ्या पुस्तकांत असतो: २२ मुलं, ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’ असे दोन गट, सामने, झेंडे जाळणं, आणि शेवटी पाणीपुरवठा बंद पडल्यावर एकत्र काम. त्याआधीच्या वर्षी त्यांनीच न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर भरवलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. तिथे मुलांची आधी मैत्री झाली, मग गट पाडले. चिथावणी देऊनही मुलं भांडेनात आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मला विचाराल तर दोन्हींपैकी जास्त शिकवणारा प्रयोग हा फसलेला आहे.

क्रिकेटची मॅच जिंकली की ‘आपण जिंकलो’, हरली की ‘हे हरले’ असं का म्हणतो?

रॉबर्ट सियाल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांत नेमकं हेच मोजलं. संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे शर्ट जास्त दिसत, आणि सामन्याचं वर्णन करताना जिंकल्यावर ‘आपण’ जास्त येई. यशाला चिकटायचं, अपयशापासून दोन हात लांब राहायचं. निरुपद्रवी प्रकार आहे. वानखेडेच्या बाहेर उभं राहा, पुरावा मिळेल.

जात हीसुद्धा एक सामाजिक ओळखच ना? नको असेल तर सोडून का देता येत नाही?

ताजफेल आणि टर्नर यांचा सिद्धांत इथेच खऱ्या अर्थाने कामाला येतो, आणि इथेच त्याची कसोटीही लागते.

आपल्या गटाला समाजात कमी लेखलं जातं, तेव्हा माणसापुढे साधारण तीन वाटा असतात असं ते म्हणतात. एक, गट सोडून एकट्याने वर चढायचं. दोन, तुलनेची पट्टीच बदलायची किंवा हिणवणाऱ्या खुणेला अभिमानाची खूण करायची. तीन, सगळ्यांनी मिळून वरच्याशी थेट झगडायचं. कुठली वाट निवडली जाईल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: सीमा ओलांडता येते का, आणि चालू रचना न्याय्य व कायमची वाटते का. सीमा थोडीशी जरी उघडी दिसली तरी बहुतेक जण पहिली वाट धरतात. म्हणूनच वरच्या लोकांना एखाददुसऱ्याला आत घेणं परवडतं.

आता १९१७ चं बडोदं पाहा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानात नोकरीसाठी उतरतात. त्यांनी स्वतःच लिहिलं आहे की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती. स्टेशनवर उतरल्यावर जायचं कुठे या प्रश्नाने ती परत आली. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे पारशीच राहू शकतो, तेव्हा वहीत पारशी नाव लिहून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे. तू कोण आहेस, हा त्यांचा प्रश्न. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायची ताकीद मिळाली. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन परिचिताकडे विचारून पाहिलं, दोघांकडेही सोय झाली नाही. उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

ओळखीच्या मानसशास्त्राचं अख्खं प्रकरण या प्रसंगात आहे. न्यूयॉर्कमध्ये ती ओळख झोपलेली होती, कारण तिथे ती विचारणारं कुणी नव्हतं. इथे ती जागी झाली ती त्यांनी आठवली म्हणून नव्हे. राहायला जागा मागावी लागली म्हणून. आणि एकट्याने वर चढण्याची पहिली वाट किती वरपर्यंत जाते याचा हिशेबही तिथेच झाला. कोलंबियातल्या शिक्षणालाही एक खोली मिळत नसेल तर ती वाट बंद आहे.

त्यापुढचा इतिहास उरलेल्या वाटांचा आहे. १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह ही तिसरी वाट, उघड झगडा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा: याला सिद्धांताच्या तक्त्यात नेमकं घर नाही. गट सोडला, पण एकट्याने नव्हे. ज्या पट्टीने मोजलं जात होतं ती पट्टीच नाकारली आणि नवी बावीस प्रतिज्ञांनी बांधली. १९७२ मध्ये मुंबईत तरुण कवी-लेखकांनी ‘दलित पँथर’ काढली तेव्हा दुसरी वाट दिसली. जे नाव सोसायचं होतं ते छाती काढून लावलं गेलं. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत हे सिद्धांत तयार होत होते त्याच काळात नायगाव-कामाठीपुऱ्यात ते रस्त्यावर चालू होते. आपल्याकडे मात्र विद्यार्थ्यांना आधी ब्रिस्टल शिकवतात.

आडनाव लावलं नाही तर फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, प्रत्येक सुटलेल्या कोड्याला पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली. तेव्हा दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्शाने घसरली. अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकं तेच, कोडं तेच. आपल्या मेहनतीला न्याय मिळेल हा भरवसा तेवढा गेला, असं संशोधक म्हणतात.

याच्या जवळची एक कल्पना क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन यांनी १९९५ मध्ये मांडली होती: आपल्या गटाबद्दलचा वाईट समज खरा ठरेल या धास्तीनेच परीक्षेतली कामगिरी ढासळते. तिच्याबद्दल थोडं सावध राहा. नंतरच्या मोठ्या पडताळण्यांत हा परिणाम बऱ्याचदा फार छोटा निघाला किंवा निघालाच नाही.

आपल्याकडे नुसतं नाव आणि वडिलांचं नाव लावणारे, गावावरून ‘कर’ लावून घेणारे, आईचं नाव लावणारे असे बरेच आहेत. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव घालणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं. त्याचा हेतू वेगळा असला तरी नावाच्या साखळीत एक कडी वाढली हे खरं. आडनाव मात्र शेवटी तसंच राहिलं. आणि आडनाव नसलं तर भाड्याने घर देणारा पुढचा प्रश्न ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हाच विचारतो.

मी जात मानतच नाही. मग माझ्यासाठी हा विषय संपला ना?

तुमच्या बाजूने संपला असेल. ओळखीची दुसरी बाजू समोरच्याच्या हातात असते, आणि तो मानत असला तर तुमच्या न मानण्याने काय होणार? जात ‘न मानणं’ सर्वांत सोपं त्याला जातं, ज्याला ती कुणी कधी विचारली नाही.

एकाच माणसाला दोन परस्परविरोधी ओळखी असू शकतात का?

विरोधी आहेत की नाही हे बहुधा शेजारी ठरवतात. कोकणातले बेने इस्राएल घ्या. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, मराठी बोलणारे, पेणकर-नवगावकर अशी आडनावं लावणारे हे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. म्हणजे गावाच्या लेखी ते वेगळे का, तर ज्यू म्हणून. इस्राएल देश झाल्यावर त्यांतले बहुसंख्य तिकडे गेले. तिथे सगळेच ज्यू! मग तिथे ते वेगळे ठरले भारतीय म्हणून. १९६० नंतरच्या वर्षांत तर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या बाबतीत ज्यूपणावरच शंका काढली; निदर्शनं झाली, आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांचं पूर्ण ज्यूपण मान्य करून घ्यावं लागलं. इस्राएलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. माणसं तीच, अलिबागेत शनिवार त्यांना वेगळं काढत होता, तिकडे मराठीने काढलं.

टर्नर यांचं म्हणणं हेच आहे: जो फरक त्या जागी सर्वांत उठून दिसतो, तीच ओळख पुढे येते.

गोव्यात बऱ्याच हिंदू घरांत बोलणं कोंकणीत आणि भजन-कीर्तन, नाटक मराठीत असं निर्धास्त चालतं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण हवं की नको, एकावर शिक्का मारा, असं विचारलं गेलं, तेव्हा एरवी एकत्र नांदणाऱ्या या दोन गोष्टी वैरी झाल्या. मतपत्रिकेला ‘दोन्ही’ कळत नाही.

परदेशातली मराठी मंडळी इथल्यापेक्षा जास्त मराठी का वाटतात?

विल्यम मॅकग्वायर यांनी १९७८ मध्ये अमेरिकी शाळांतल्या मुलांना नुसतं ‘तुझ्याबद्दल सांग’ असं म्हटलं. वर्गात ज्यांचा वंश अल्पसंख्य होता, ती मुलं वंशाचा उल्लेख अधिक करत. साताऱ्यात ‘मी मराठी’ सांगून कुणाला काही कळत नाही. न्यू जर्सीत कळतं. बाकी ढोलताशा हौसेचा.

गर्दीत माणूस स्वतःला विसरतो, हे खरं का?

गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये असं लिहिलं आणि पोलीस, पत्रकार, राजकारणी सगळ्यांना ते पटलं. पुरावा वेगळं सांगतो. गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही, वैयक्तिक ओळखीवरून सामाजिक ओळखीवर सरकतो, आणि त्या ओळखीचे नियम पाळतो.

स्टीफन रायकर, निक हॉपकिन्स, नारायणन श्रीनिवासन, श्रुती तिवारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयागच्या माघ मेळ्यात यावर मोठं काम केलं. महिनाभर थंडीत, गोंगाटात, उघड्यावर राहणाऱ्या कल्पवासींची तब्येत खालावेल असं कुणालाही वाटेल. मेळ्याच्या महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर विचारपूस केली, तेव्हा गावीच राहिलेल्यांच्या तुलनेत मेळ्याला गेलेल्यांनी आपली तब्येत आणि मन सुधारल्याचं सांगितलं. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दुसऱ्या एका प्रयोगात एकच गोंगाटाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं; हा मेळ्यातला आवाज आहे असं सांगितलं की भाविक तो जास्त वेळ ऐकत, शहरातल्या रस्त्याचा म्हटलं की नकोसा होई.

वारी केलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. अनोळखी माणूस ‘माउली’ म्हणून बाजूला सरकून जागा देतो, पाणी पुढे करतो, आणि पायाच्या फोडांची तक्रार मुक्कामापर्यंत पुढे ढकलली जाते. पण इरावती कर्वे यांनी वारीत चालतानाच टिपलं होतं की दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एकच अभंग म्हणत चालतात आणि जेवायला वेगळे बसतात. ‘आम्ही वारकरी’ ही ओळख रस्त्यावर जागी होती. पंगतीला दुसरी जागी व्हायची.

माणसाला पहारेकरी केलं की तो क्रूर होतोच, असं तुरुंगाच्या प्रयोगाने सिद्ध झालं ना?

झालं नाही. फिलिप झिम्बार्डो यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये काही तरुणांना कैदी आणि काहींना पहारेकरी करून खोटा तुरुंग चालवला. तो प्रयोग सहा दिवसांत थांबवला गेला, आणि पहारेकऱ्यांना कडक वागायला प्रयोग चालवणाऱ्यांनीच उत्तेजन दिल्याचं जुन्या ध्वनिफितींतून पुढे कळलं. अलेक्स हॅस्लम आणि रायकर यांनी बीबीसीसाठी केलेल्या प्रयोगात तर उलट घडलं. पहारेकऱ्यांना ती भूमिका आपली वाटेना, त्यांच्यात एकी होईना; कैद्यांची झाली आणि त्यांनी व्यवस्था उलथवली. डोक्यावर टोपी घातल्याने भागत नाही, ती आपली वाटावी लागते.

आमचा मुलगा कॉलेजात गेल्यापासून ‘मी कोण, मला काय करायचंय’ असं घोकतोय. काळजी करावी का?

एरिक एरिक्सन यांनी किशोरवयाचं मुख्य काम हेच मानलं. ते स्वतः जन्मदात्या वडिलांना ओळखत नव्हते, सावत्र वडिलांचं होम्बुर्गर हे आडनाव लावत होते, आणि अमेरिकी नागरिक झाल्यावर १९३९ मध्ये त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. (१९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपातल्या गांधीजींवर त्यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं.) जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये या काळातल्या चार अवस्था सांगितल्या. शोध घेऊन ठरवलेली ओळख, शोध चालू असणं, शोधही नाही आणि ठरवणंही नाही, आणि चौथी, शोध न घेताच मोठ्यांनी दिलेली ओळख अंगावर चढवणं.

आपल्याकडे चौथीला ‘गुणी मुलगा’ म्हणतात. दहावीला पर्सेंटेज पाहून सायन्स, बारावीला सीईटी पाहून इंजिनिअरिंग, आणि तिशीत एके दिवशी नोकरी सोडून कोकणात काहीतरी काढायचं खूळ. घोकणारा मुलगा दुसऱ्या अवस्थेत आहे, ठीक आहे. झोप, जेवण, मित्र सुटायला लागले तर मात्र समुपदेशकाला दाखवा.

वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय. ते आता ‘ते’ राहिलेत का, असं मनात येतं आणि अपराधी वाटतं.

हे मनात येणं स्वाभाविक आहे. जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात माणसाची ओळख आठवणींच्या धाग्याला बांधली, आणि तेव्हापासून आठवण गेली की माणूस गेला असं आपण धरून चालतो. निना स्ट्रॉमिंगर आणि शॉन निकोल्स यांनी २०१५ मध्ये रुग्णांच्या घरच्यांनाच विचारलं. ‘हा आता तो राहिला नाही’ ही भावना आठवण जाण्याशी फारशी जोडलेली निघाली नाही. माया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कणव या गोष्टी बदलल्या की ती तीव्र होई. म्हणून स्वभाव पालटवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशात घरच्यांना माणूस परका वाटतो, तितका अल्झायमरमध्ये वाटत नाही. नाव विसरलेले वडील पाहुण्याला अजून ‘चहा घेऊन जा’ म्हणत असतील, तर घरच्यांना ते तेच वाटतात.

निवृत्तीनंतर माणूस एकदम खचतो तो ओळख गेल्यामुळे का?

बऱ्याच अंशी. इंग्लंडमधल्या निवृत्तांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात असं दिसलं की निवृत्तीआधी दोन गटांत असलेल्या माणसाने दोन्ही टिकवले तर पुढच्या सहा वर्षांत मृत्यूची शक्यता २ टक्के, एक सुटला तर ५, दोन्ही सुटले तर १२. कारण आणि परिणाम इथे पुरते वेगळे काढता येत नाहीत. तब्येत ढासळली म्हणूनही गट सुटतो. तरी भजनी मंडळ, सकाळचा कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघ यांना ‘टाइमपास’ म्हणून हिणवू नये.

दोन गटांमधली तेढ कमी करायची असेल तर नुसतं एकत्र आणून भागतं का?

कसं आणता यावर आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये अटी सांगितल्या होत्या: बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत १,२६१ तरुणांवर हे तपासलं. काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये घेतलं, संघ चिठ्ठ्या टाकून पाडले. मिश्र जातींच्या संघात खेळलेल्यांच्या इतर जातींत मैत्र्या वाढल्या. दुसऱ्या जातीच्या मुलांविरुद्ध जास्त खेळावं लागलं त्यांच्यात मैत्री वाढली तर नाहीच, उलट घटली. अभ्यास २०२१ चा आहे.

मुंबईत धर्मावर संघ पाडून खेळण्याचा प्रकार १९४६ पर्यंत चालला: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि १९३७ पासून ‘इतर’. त्यातल्या हिंदू संघाचा हुकमी डावखुरा गोलंदाज पळवणकर बाळू, चांभार कुटुंबातला. पुण्यात मैदानावर चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा आणि जेवणाला वेगळं टेबल. समान ध्येय होतं, सहकार्य होतं, दर्जा नव्हता. कप्तानपद बाळूंना कधीच मिळालं नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, आणि त्याआधी संघात त्यावरून बरीच रणं माजली.